सुडोकूला पैकीच्या पैकी, पण ‘बार्शी’ला तीन घरं का? वर्षभराच्या वापरानंतर

कोड्यांच्या ॲपची वर्गणी संपत आल्याचा निरोप आला आणि त्याच आठवड्यात मदत विभागाचं उत्तरही आलं: “ॲपची भाषा इंग्रजी करून पुन्हा प्रयत्न करा.” तक्रार मराठी शब्दखेळाची होती. ती इंग्रजी करून कशी सुटणार? रागावलोय, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा दोष एकाच ॲपचा नाही. रोज सकाळी नवं संख्याकोडं, मित्रांचा गट, गटाची गुणपाटी आणि शेजारच्या टॅबवर शब्दखेळ, एवढ्यावरून वापरणारे ओळखतील. बाकी फीचर्सची यादी स्टोअरवर आहेच.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आमचा गट सोलापूरच्या शाळेतल्या दोस्तांचा. एक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, दोघं पुण्यात नोकरीला, एक हैदराबादला. पूर्वी पार्क चौकात संध्याकाळी भेट व्हायची, आता दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला झाली तर झाली. रोजचं बोलणं टिकलं ते या कोड्यांमुळे. सकाळी चहाबरोबर किलर सुडोकू, आणि दुपारपर्यंत कोणी कुठे अडकलं यावर चर्चा.

किलरमध्ये सुरुवातीला एकही आकडा दिलेला नसतो, फक्त ठिपक्यांच्या चौकटी आणि त्यांच्या बेरजा; भरायचे १ ते ९, आणि एका चौकटीत तोच आकडा दोनदा नाही. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, दुसरा पर्यायच नाही. तीन घरांत २४ म्हणजे ७, ८, ९ आणि २३ म्हणजे ६, ८, ९. खरी किल्ली मात्र ४५ची. कुठल्याही ओळीत, उभ्या रांगेत किंवा नऊ घरांच्या पेटीत १ ते ९ एकेकदाच येतात, म्हणून बेरीज ४५ असते. ओळीत पूर्ण बसलेल्या चौकटींची बेरीज ३८ झाली आणि एकच घर उरलं, तर तिथे ७. या ॲपची मदत थेट आकडा टाकत नाही, ही ४५ची ओळ रंगवून दाखवते आणि थांबते. कोडं आपलं आपणच सोडवलं असं वाटतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पहिल्या वर्षी ७९९ रुपये न कुरकुरता दिले.

काठिण्याची पातळीही प्रामाणिक आहे. दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, असं सरसकट नसतं. साध्या सुडोकूत एकच उत्तर हवं असेल तर किमान १७ आकडे द्यावेच लागतात, हे २०१२ साली संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं गेलं. पण २४ आकडे दिलेलं कोडंही घाम काढू शकतं. इथे पातळी ठरते ती कुठली युक्ती लागेल त्यावरून, आणि तेच योग्य आहे.

गटात स्वतःचं आव्हान टाकता येतं, तो भाग सगळ्यात जास्त वापरला गेला. आमचं आवडतं आव्हान देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४चं. ज्यात सगळे अंक सारखे नाहीत असा चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतोच. रस्त्यात दिसलेल्या एमएच १३च्या गाडीचा नंबर टाकायचा आणि फेऱ्या आधीच सांगायच्या. एकदा मी १९४९ टाकला, कापरेकरांना हा स्थिरांक सापडला ते साल: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात. गट दिवसभर खूश होता!

कोट्याही इथेच सुरू झाल्या. आमच्यातला एक घरी तेलुगू बोलतो, एक कन्नड. सोलापुरात हे नवल नाही. तेलुगूत तीनला मूडू आणि सातला येडू. मग कोणी सातवर अडकला की, “काय बे, परत येडू?” आणि सकाळी कोडं न उघडणाऱ्याला, “आज मूडू नाही वाटतं.” आकडे भरता भरता शब्दांकडे वळलो ते असं. म्हणून शब्दखेळाच्या टॅबकडून माझी एवढी अपेक्षा होती.

आता तो टॅब. त्यात दोन खेळ आहेत. एकात आपण शब्द द्यायचा, ॲप तितकी रिकामी घरं आखतं आणि मित्रांनी श्लेषाच्या सूचनेवरून तो ओळखायचा. दुसऱ्यात उलटसुलट सारखं वाचता येणारं वाक्य रचायचं आणि ॲप ते तपासतं.

मी पहिला शब्द दिला ‘सोलापूर’. घरं आली सात! चार अक्षरांच्या गावाला सात घरं, कारण ॲप अक्षरं मोजत नव्हतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, स वेगळा, ओकार वेगळा, ल वेगळा, काना वेगळा, असा प्रत्येक तुकडा साठवलेला असतो, आणि ॲप ते तुकडे मोजत होतं. ‘सिद्धेश्वर’ला दहा घरं. ग्रामदैवताचं नाव मित्रांना ओळखू येईना, कारण दहा अक्षरांचं काही त्यांना सुचतच नव्हतं. उलटसुलटमध्ये ‘रामाला भाला मारा’ चूक ठरवलं. शाळेतल्या पोराला पाठ असलेलं वाक्य! ॲपने ते तुकड्या-तुकड्याने उलटं केलं, म्हणजे सुरुवातीलाच एकटा काना, आणि पडद्यावर त्याच्यामागे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. तो पडदा टिपून मी मदत विभागाला पाठवला. त्यावर आलेलं उत्तर वर सांगितलंच.

कोणी म्हणेल, रोजच्या कोड्यांपुढे हा टॅब तो केवढा. पण मराठीत अक्षर मोजणं ही काही कोणाची हौस नाही. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात जोडाक्षर एकाच घरात बसतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरं सहा, सहा, सहा, चार अशी मोजतात, तिथेही जोडाक्षर एकच. जिभेला आणि कानाला पिढ्यान्‌पिढ्या जे माहीत आहे, ते ‘मराठीत उपलब्ध’ अशी जाहिरात करणाऱ्याला माहीत असायला हवं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्येच नवं अपडेट आलं. त्यामुळे मत थोडं बदलतो. आता ‘सोलापूर’ला चार घरं येतात, ‘रामाला भाला मारा’ मान्य होतं. कुणीतरी तक्रार वाचली, आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण काम अर्धंच झालंय. काना-मात्रा अक्षराला चिकटले, जोडाक्षरं अजून फुटतात. ‘सिद्धेश्वर’ दहावरून सहावर आलं, हवीत चार. ‘बार्शी’ला तीन घरं, हवीत दोन. मधल्या घरात पाय मोडलेला र एकटा बसतो, रफार होऊन शीच्या डोक्यावर जात नाही. यासाठी नवं काही शोधायचंही नाही. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं एकत्र ठेवण्याचा नियम आला आहे. तो घ्यायचा, एवढंच.

एक मागणी आणखी. ‘चिमा काय कामाची’ अजून चूक ठरतं, कारण पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. यावर आमच्या गटातच दोन तट आहेत. एमआयडीसीवाला म्हणतो, कानाला सारखं लागलं म्हणजे झालं. हैदराबादवाला म्हणतो, लिहिलंय तसंच जुळलं पाहिजे. मी पहिल्याच्या बाजूने, पण निर्णय गटाचा असावा. ऱ्हस्व-दीर्घ सोडून तपासायचं की धरून, असा पर्याय सेटिंगमध्ये द्या.

घेऊ पाहणाऱ्यांसाठी पैशाचं. रोजचं कोडं आणि गुणपाटी फुकट आहे. पैसे लागतात ते जुन्या कोड्यांना, गट काढायला आणि शब्दखेळाला. म्हणजे संख्याकोड्यांसाठी गटात एकट्याने भरले तरी पुरतं, बाकीचे फुकट खेळू शकतात. हे कुठेच ठळक लिहिलेलं नाही. आम्ही पाचही जणांनी भरले होते. यंदा वर्षाची वर्गणी कोणीच घेत नाही. महिन्याची एकच घेतो, आळीपाळीने, आणि कोट्या नेहमीच्या चॅटवर. बार्शीला दोन घरं मिळाली की वर्षाचे पैसे मी स्वतः भरीन, तसं त्यांना कळवलंही आहे.