खेळाडूचा स्क्वॉट: बारबेल की मशीन?

स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन मारलेली उठाबशी, खांद्यावर बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेला लोखंडी दांडा) घेऊन करावा की मशीनवर? फक्त मांड्या भरायच्या असतील तर या प्रश्नावर फार डोकं शिणवायची गरज नाही. सेट नेटाने मारले आणि वजन हळूहळू वाढवत नेलं, तर बारबेलवर आणि मशीनवर स्नायू जवळजवळ सारखेच वाढतात. दोन्ही समोरासमोर ठेवून केलेल्या अभ्यासांतूनही साधारण हेच दिसतं. पण तुम्ही धावपटू असाल, व्हॉलीबॉल, फुटबॉल किंवा कुस्ती खेळत असाल, तर मुद्दा वेगळा आहे. कमावलेली ताकद तुम्हाला उभ्या शरीराने, तोल सांभाळत, समोरच्याचा धक्का खात वापरायची आहे.

माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. दुखापत नसलेल्या आणि नीट शिकायला वेळ असलेल्या खेळाडूच्या तयारीचा कणा बारबेल स्क्वॉटच असावा. मशीन त्याच्या जोडीला हवं, आणि वर्षातल्या काही आठवड्यांत तर तेच पुढे असावं.

बार खांद्यावर असताना काय घडतं

बारबेल घेऊन खाली बसताना तुमचा आणि बारचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो, तो पावलाच्या मध्यावर राहावा लागतो. पुढे गेला की टाचा सुटतात, मागे गेला की तोल जातो. त्यामुळे मांड्या आणि नितंब वजन उचलत असतानाच पोटाभोवतालचे स्नायू, पाठीचे ताठ ठेवणारे स्नायू आणि पोटऱ्या अखंड दुरुस्त्या करत असतात. बार रुळांवर सरकणाऱ्या स्मिथ मशीनशी तुलना करताना स्नायूंची विद्युत-हालचाल मोजली गेली, तेव्हा मोकळ्या बारवर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आणि पोटऱ्यांचं काम जास्त आढळलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मांडीचा स्नायूही जास्त झटत होता.

शरीर ज्या हालचालीत तालीम घेतं, त्याच हालचालीत सर्वाधिक ताकद कमावतं. बारबेलवर सराव केलेल्याचा बारबेलवरचा आकडा जास्त वाढतो, मशीनवाल्याचा मशीनवरचा. उडीच्या बाबतीत मात्र चित्र इतकं स्वच्छ नाही. स्क्वॉट करणाऱ्या गटाची उडी लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन) करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं, पण बरेच अभ्यास एकत्र घेतले की फरक पुसट होतो. म्हणून ‘मशीनवाल्याची ताकद खोटी’ असं जे जिममध्ये सर्रास ऐकू येतं, ते मला पटत नाही. ताकद खरीच असते. ती मैदानात उतरवायला उड्या, स्प्रिंट आणि खेळाचा सराव लागतो, आणि बारबेल त्या वाटेवर थोडा पुढे आणून सोडतो.

बारबेलची आणखी एक बाजू क्वचितच बोलली जाते. शंभर किलोचा बार कुठेही गेलात तरी शंभर किलोचाच असतो. मशीनचा आकडा तरफ, पुली आणि घर्षणावर ठरतो, म्हणून एका मशीनवरचा ऐंशी दुसऱ्यावरच्या साठइतका लागू शकतो. स्पर्धांसाठी सतत जागा बदलणाऱ्या खेळाडूच्या नोंदवहीत याने मोठा गोंधळ होतो. शिवाय 1.25 किलोच्या दोन प्लेट लावून बार फक्त 2.5 किलोने वाढवता येतो. पिन सरकवून वजन निवडायच्या मशीनवर पुढची पायरी बहुधा याहून बरीच मोठी असते.

मशीन म्हणजे नेमकं कुठलं?

सगळी मशीन एका पारड्यात टाकता येत नाहीत.

स्मिथ मशीनबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. बार रुळांवर सरकतो, म्हणून तो ‘सुरक्षित स्क्वॉट’ समजला जातो. पण बार पुढे-मागे हलू शकत नसल्यामुळे शरीराला आपला मार्ग सोडून रुळाच्या मार्गाने जावं लागतं. पाय थोडे पुढे घेऊन बारवर रेललात की तोल सांभाळायचं काम रूळच करतात. मोकळ्या बारवर असं रेललात तर मागे पडाल. त्यामुळे स्मिथवर शिकलेला स्क्वॉट मोकळ्या बारकडे जसाच्या तसा नेता येत नाही. काही मशीनमध्ये बारला प्रतिवजनही जोडलेलं असतं, म्हणजे रिकामा बार नेहमीच्या 20 किलोंपेक्षा हलका. स्प्लिट स्क्वॉटला (एक पाय पुढे, एक मागे) किंवा मुख्य व्यायामानंतरच्या जादा सेटना स्मिथ वापरा. स्क्वॉट शिकायला मात्र वापरू नका.

लेग प्रेसवरचे आकडे पाहून खेळाडू फसतात, म्हणून थोडा हिशेब करू. समजा 45 अंशांच्या लेग प्रेसवर स्लेडसकट (वजनं लावायची सरकती चौकट) 200 किलो आहेत. उतारामुळे तुम्हाला प्रत्यक्षात ढकलावे लागतात साधारण 141 किलो, घर्षण सोडून. आता 70 किलोचा खेळाडू 100 किलोचा स्क्वॉट करतो. बारबरोबर त्याचं स्वतःचं शरीरही वर जातं, फक्त गुडघ्याखालचा भाग जवळजवळ जागेवर राहतो. म्हणजे सुमारे 62 किलो आणखी, एकूण 162. लेग प्रेसवर दुप्पट आकडा टाकणारा प्रत्यक्षात कमीच भार हलवत असू शकतो.

तरीही लेग प्रेस मला आवडतं, विशेषतः एका पायाने केलेलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बारबेल स्क्वॉटमध्ये चांगला पाय नकळत जास्त भार उचलतो आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. एका पायाच्या लेग प्रेसवर ही लपवाछपवी चालत नाही. डाव्या-उजव्यातला फरक आकड्यात समोर येतो. एक काळजी घ्या: खाली येताना ओटीपोटाचा भाग गादीवरून सुटू लागला की तिथेच थांबा. त्यापुढे कंबर भाराखाली वाकते.

हॅक स्क्वॉट आणि पेंड्युलम ही पाठ टेकवून स्क्वॉट करायची मशीन मांडीच्या पुढच्या भागासाठी उत्तम. खेळाडूसाठी खरं मोलाचं आहे ते बेल्ट स्क्वॉट. भार कमरेच्या पट्ट्याला लटकतो, त्यामुळे पाय उभ्यानेच काम करतात आणि कण्यावर बारचं ओझं पडत नाही. खांदा दुखणारा भालाफेकपटू किंवा टेनिसपटू मानेमागे बार धरू शकत नसेल, तर त्याने आधी हेच शोधावं.

सुरक्षिततेचं खरं गणित

रॅक (बार ठेवायची उभी चौकट) आणि सेफ्टी पिन, म्हणजे बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या, असतील, आणि त्या तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या किंचित खाली लावल्या असतील, तर बारबेल स्क्वॉट एकट्यानेही करता येतो. उठताना मध्येच अडकलात की शांतपणे खाली बसून बार पिनांवर ठेवायचा. हे रिकाम्या बारवर आधी करून पाहा, कारण जड वजनाखाली पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. पिना नाहीत, मदतीला कोणी नाही आणि शिकवणाराही नाही, अशा ठिकाणी जड बारबेल नको. तिथे डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट आणि लेग प्रेस हीच जोडी घ्यावी.

तुमच्यासाठी काय?

वेटलिफ्टर आणि पॉवरलिफ्टर यांना पर्यायच नाही. त्यांची स्पर्धा बारवरच आहे. लांब मांडीच्या हाडांचे बास्केटबॉलपटू किंवा रोवर (नौकानयनपटू) मानेमागे बार धरून केलेल्या स्क्वॉटमध्ये खूप पुढे झुकतात. त्यांनी मशीनकडे पळण्याआधी फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला धरून) आणि टाच उंच असलेले बूट वापरून पाहावेत.

बाकी बहुतेक खेळांत निर्णय वेळापत्रकावर सोडावा. ऑफ-सीझनमध्ये आठवड्यातून दोनदा बारबेल, त्यामागून थोडं मशीन. सामने सुरू झाले की कंबरेचा थकवा महाग पडतो, कारण तो स्प्रिंटमध्ये आणि वळणात उतरतो. त्या काळात बारबेलचा एकच दिवस ठेवा, सेट कमी करा पण वजन फारसं उतरवू नका. ताकद टिकायला एवढं पुरतं. पायांना जादा काम हवंच असेल तर ते लेग प्रेस किंवा बेल्ट स्क्वॉटवर द्या, तेही सामन्यापासून दोन-तीन दिवस लांब.

काहीही निवडलंत तरी दर काही आठवड्यांनी उभी उडी आणि छोटी स्प्रिंट मोजत राहा. जिममधला आकडा चढतोय आणि उडी तिथेच अडली आहे असं दिसलं, तर बारबेल-मशीनची अदलाबदल करण्याआधी जड सेटची संख्या घटवा आणि तो वेळ उड्यांना द्या.