क्यूजीआयएस वापरून आठ महिने झाले, ग्वाल्हेरहून अनुभव

मागच्या दिवाळीनंतर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर टाकलं, आता आठ महिने होतील. मी बी.कॉम., भूगोल दहावीपर्यंतचाच. शिकायला घेतलं ते लष्करातल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या जुन्या भागातल्या, मराठी वाड्यांच्या विहिरींसाठी. दौलतगंज, जनकगंज, फालका बाजार, इकडे कितीतरी वाड्यांत विहीर होती, कुठे वर फरशी पडलीय, कुठे जिना चढलाय, आणि नेमकी जागा सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची. माझ्या आजोबांना अकरा तोंडपाठ आहेत. वहीत लिहून ठेवल्या होत्या पण वही बघून दुसऱ्या कुणाला जागा सापडत नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स, २००२ पासून चालू आहे. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर माझं काम आरामात होतं. एलटीआर म्हणतात तेच, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणारं व्हर्जन घ्या, नवीनच्या मागे लागू नका.

आता खरं सांगायचंय ते प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवायची त्याचं, कारण याच्यात माझे दोन आठवडे गेले. मी बघितले ते मराठी व्हिडिओ पुण्याच्या लोकांचे, त्यात यूटीएम झोन ४३, म्हणजे कोड ३२६४३, घ्यायला सांगतात. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमधे सांगायची पद्धत. त्यांचं बरोबर आहे. एकेक झोन सहा अंशांचा, ७२ ते ७८ रेखांश म्हणजे ४३, त्यात पुणं, इंदूर, बडोदा सगळं येतं. पण आपलं ग्वाल्हेर ७८.१७ च्या आसपास, रेघ ओलांडून जेमतेम सतरा किलोमीटर, म्हणजे झोन ४४, कोड ३२६४४! माझ्या आतेभावाने मोबाइलवर बिंदू घेऊन यूटीएमचे आकडे एक्सेलमधे पाठवले, मी त्याला ४३ लावलं, आणि दौलतगंजच्या विहिरी जोधपूरच्याही पलीकडे जाऊन पडल्या, सहाशे किलोमीटर लांब. मला वाटलं त्याच्या फोनचं जीपीएस खराब, म्हणून जानेवारीच्या धुक्यात सकाळी सातला त्याला परत सगळ्या गल्ल्या फिरायला लावल्या. त्याचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मी घाबरून दुसऱ्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या दुसऱ्या थरावर, उलटा घोळ केला. 'सेट लेयर सीआरएस' आणि 'रीप्रोजेक्ट लेयर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी नीट सांगतच नाही. सीआरएस म्हणजे आकडे कोणत्या पद्धतीतले ते, वरचे कोड त्याचेच. पहिल्याने फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते, आत हळद ती हळदच. दुसऱ्याने आकडे खरोखर नव्याने काढले जातात. चिठ्ठी चुकलेली असेल तरच पहिलं वापरायचं. इथल्या एका क्लासला मी पैसे भरून गेले होते, तिथे तीन दिवस व्याख्या लिहून दिल्या आणि हे एकदाही करून दाखवलं नाही, याचा मला खरंच राग आहे.

विहिरीभोवती ५० मीटरचं वर्तुळ काढायचं असेल तर लेयर ४३२६ मधे, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशाच्या कोडमधे, ठेवू नका, तिथे माप अंशात असतं, ५० टाकलं की अर्धं जग झाकतं. आपल्याकडे एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश १०० च्या जवळपास, त्यामुळे अंशातलं वर्तुळ जमिनीवर गोल नसतंच.

शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइल प्रकार, त्याचंही सांगते. कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून तीन चिन्हं. 'मालकाचं नाव' लिहिलं तर 'माल' एवढंच उरतं. त्याऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारात ठेवा, एकच फाइल, मराठी नीट राहतं.

मोबाइलवर क्यूफिल्ड, म्हणजे जागेवर जाऊन क्यूजीआयएसच्या नकाशात बिंदू घ्यायचं ॲप, घेतलं, ते मैदानात छान चालतं, पण आपल्या गल्ल्यांत उंच भिंतींमुळे बिंदू दहा-पंधरा मीटर सरकतो आणि वाड्यांत तेवढ्यात घर बदलतं. म्हणून आता १:१००० ला प्रिंट काढते, एक सेंटीमीटर म्हणजे दहा मीटर, आणि तो कागद घेऊनच म्हाताऱ्या मंडळींकडे जाते. आजोबांनी पहिल्याच कागदावर पेन्सिलीने चार विहिरी सरकवल्या, एक तर सरळ शेजारच्या वाड्यात.

सध्या ३७ झाल्यात, त्यातल्या ९ अजून पेन्सिलीवरच आहेत. लष्करात तुमच्या घरी विहीर असेल तर ती पुढच्या चौकात होती की मागच्या, एवढं जरी सांगितलंत तरी मी येऊन मोजून घेईन.