दाखला खरा, तलवारीवरची सही खोटी

तोक्यो-ओसाकात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी जुनी जपानी तलवार घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ज्या कागदाच्या जोरावर माझ्याकडून साडेसहा लाख येन उकळले गेले, तो कागद शंभर टक्के अस्सल होता.

मला विकली ती वाकिझाशी, लांब तलवारीच्या जोडीने कमरेला लावायची आखूड तलवार, ६० सेंटिमीटरच्या आतली. मुठीत लपणाऱ्या भागावर, नाकागोवर, ‘नागासोने कोतेत्सु’ अशी सही कोरलेली. कोतेत्सु सतराव्या शतकातला कारागीर. आधी चिलखतं घडवायचा; वय झाल्यावर एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन तलवारींकडे वळला. त्याच्या पात्याच्या धारेलगतची पांढरट लाट जपमाळेचे मणी ओवल्यासारखी दिसते. काही पात्यांवर तर यामानो घराण्यातल्या परीक्षकाने केलेल्या वाराच्या चाचणीचा निकाल सोन्याने कोरलेला असतो. एवढ्या नावाला नकला चिकटणारच. एकोणिसाव्या शतकातल्या शिन्सेनगुमी या सामुराई पथकाचा प्रमुख कोंदो इसामी याची प्रसिद्ध कोतेत्सुसुद्धा खरी होती का, यावर आजही वाद आहे.

विक्रेत्याने यातलं काही सांगितलं नाही. नोंदणीचा दाखला पुढे केला आणि म्हणाला, “सरकारी कागद आहे, कोतेत्सुचं नाव त्यातच आहे.” होतंही. पण हा दाखला प्रिफेक्चरचं, म्हणजे प्रांताचं, शिक्षण मंडळ देतं, तलवार बाळगणं कायदेशीर ठरावं म्हणून. त्यात लांबी, बाक, खुंटीची भोकं आणि कोरलेली अक्षरं जशी दिसतात तशी उतरवतात. ती कुणी आणि कधी कोरली, हे ठरवणं त्या कार्यालयाचं कामच नाही. सगळी फसवणूक याच फटीतून होते.

तोक्योत र्योगोकुला तलवार संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेकडे पातं तपासणीला दिलं. निकाल आला: सही खोटी, प्रमाणपत्र नाही. पुढे एका वयस्क तोगिशींनी, म्हणजे पाती दगडांवर घासून झळाळी आणणाऱ्या कारागिरांनी, भिंगाखाली दाखवलं. नाकागोचा गंज काळसर, मुरलेला. अक्षरांच्या खाचांतला मात्र लालसर, वरून चोपडलेला. जुना गंज फोडून छिन्नी नंतर चालली होती. पातं जुनंच आहे आणि चांगलं आहे, असंही ते म्हणाले. याचा मला जास्त संताप येतो. ज्या लोहाराने ते खरोखर घडवलं, त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव ठोकून त्यालाही लुबाडलं.

विक्रेत्याचं उत्तर एकच: “दाखला खोटा आहे का?” पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून नोंदणीच्या दाखल्यावर थांबू नका. पातं तपासून वरची संस्था देते ते होझोन किंवा त्याच्या वरच्या दर्जाचं तोकुबेत्सु होझोन प्रमाणपत्र मागा, त्यावरच्या छायाचित्राशी नाकागो ताडून पाहा. ते नसेल, तर ‘तपासणीत सही खोटी ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ असं पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कुणी कां-कूं केलं, तर तिथून उठा.