नदीतलं मीठ अडवायचं कुठे: रानात, झऱ्यापाशी की नळाच्या अलीकडे?

शहराचं पाणी नदीवर आणि नदीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दरवर्षी चढता. अशा गावाच्या पाणी समितीपुढे फिरून फिरून तीनच प्रस्ताव येतात: वरच्या अंगाच्या रानांतून येणारा पाझर कमी करा, खारं पाणी नदीत उतरतं त्या जागीच उपसून काढा, नाहीतर खाली यंत्र बसवून पाणी गोडं करून घ्या. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हे तिन्ही उपाय 1974 च्या एकाच कायद्याखाली करून झालेत. लॉस एंजेलिस, फीनिक्स, लास व्हेगास धरून सुमारे 4 कोटी लोकांना ही नदी पाणी पुरवते, म्हणून तुलना तिच्यावरूनच करतो.

भांडण पेटलं ते 1961 साली. अ‍ॅरिझोनातल्या वेलटन-मोहॉक भागातल्या शेतांचं निचऱ्याचं पाणी नदीत सोडलं गेलं आणि खाली मेक्सिकोला मिळणाऱ्या पाण्यातले क्षार लिटरमागे 800 मिलिग्रॅमच्या आसपास होते ते 1500 पर्यंत गेले. मेक्सिकाली खोऱ्यातली पिकं करपली. 1973 च्या करारात अमेरिकेने मेक्सिकोला द्यायच्या पाण्याच्या खारटपणावर मर्यादा मान्य केली, आणि ती पाळण्यासाठी सीमेलगत युमाला खारं पाणी गोडं करणारा कारखाना बांधायचं ठरलं.

हा कारखाना म्हणजे घरच्या आरओचंच अवाढव्य रूप. क्षमता दिवसाला सुमारे 27 कोटी लिटर, खर्च सुमारे 25 कोटी डॉलर. तो 1992 मध्ये तयार झाला, काही महिने अर्ध्यामुर्ध्या क्षमतेने चालला आणि 1993 च्या गिला नदीच्या पुराने बंद पडला. त्यानंतर 2007 मध्ये तीन महिने आणि 2010-11 मध्ये वर्षभर चाचणी झाली. एरवी तो झाकून ठेवलेला, देखभालीचा खर्च मात्र चालूच. मधल्या काळात तात्पुरती सोय म्हणून वेलटन-मोहॉकचं ते खारं पाणी एका कालव्याने थेट मेक्सिकोच्या वाळवंटात सोडत होते; तिथे सिएनेगा दे सांता क्लारा नावाची हजारो हेक्टरांची पाणथळ जागा तयार झाली, दुर्मिळ पक्षी वस्तीला आले. आता कारखाना पूर्ण चालवायचा तर हे पाणी तुटणार आणि त्याच्या जागी तिथे यंत्रातून निघालेला कडक खार जाणार. यंत्रात मीठ संपत नाही, फक्त थोड्या पाण्यात गोळा होतं. समुद्र जवळ नसेल तर ते टाकायचं कुठे, हे निविदेआधी विचारा.

दुसऱ्या टोकाला रानातला उपाय. कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड व्हॅलीत जमिनीखाली मँकोस शेल नावाचा, प्राचीन समुद्रतळाचा खारट खडक आहे. कच्च्या कालव्यातून आणि मोकाट पाटपाण्यातून जेवढं पाणी खाली मुरतं, तेवढं मीठ विरघळवून ते नदीला मिळतं. शिरोळ-वाळव्याकडे क्षारपड झालेलं रान ज्याने पाहिलंय त्याला यातलं निम्मं आधीच कळलेलं असेल. ग्रँड व्हॅलीत कालव्यांना अस्तर केलं, चाऱ्यांच्या जागी बंद पाइप टाकले, शेतकऱ्यांना तुषार सिंचनासाठी पैसे दिले. पैशांत काही वाटा धरणांच्या वीजविक्रीतून येतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण खालच्या शहरांचा फायदा होतो आणि वरच्या शेतकऱ्याला भुर्दंड बसत नाही. कोलोरॅडोवरची सगळी कामं मिळून आता वर्षाला दहा लाख टनांहून जास्त मीठ नदीत यायचं थांबतं, आणि त्यातला मोठा वाटा या अस्तर-पाइपांचा. टनामागचा खर्चही युमाच्या कितीतरी खाली.

पण याला फीत कापायला काही नसतं. हजारो शेतकऱ्यांशी एकेक करून बोलावं लागतं, भाग घेणं ऐच्छिक असतं, आणि जमिनीत आधीच मुरलेलं पाणी वर्षानुवर्षं पाझरत राहतं. गळक्या कालव्यांवर वाढलेली झाडंझुडपं वाळतात, त्यांची भरपाईही करावी लागते. पुढच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी सुधारायला हवं असेल तर हा उपाय तुमच्या कामाचा नाही.

उरला खारं पाणी उतरतं त्या जागीच उपसून काढायचा उपाय, तो तशी जागा मिळाली तरच. कोलोरॅडो राज्यातल्या पॅरॅडॉक्स खोऱ्यात डोलोरेस या उपनदीला जमिनीतून समुद्राच्या जवळजवळ सातपट खारं पाणी मिळत होतं. नदीकाठी विहिरी घेऊन ते उपसलं आणि 1996 पासून नियमितपणे 4 किलोमीटरहून खोल खडकात दाबून भरलं. एकट्या या ठिकाणी वर्षाला लाखभर टन मीठ अडलं. पण दाबाने खडक सरकू लागला, लहान भूकंप नेहमीचे झाले, आणि मार्च 2019 मध्ये 4.5 तीव्रतेचा धक्का बसल्यावर काम थांबवावं लागलं. 2022 मध्ये ते पुन्हा चालू केलं, कमी प्रमाणात.

धरणातून जास्त पाणी सोडून खार पातळ करणं हा चौथा मार्ग सुचवला जातो. ज्या नदीचा थेंब न थेंब वाटून झालाय तिथे तो सोडून द्या.

निवड मोजणीवर ठेवा. नदीवर चार-पाच ठिकाणी टीडीएस आणि प्रवाह दोन्ही वर्षभर मोजा. नुसता टीडीएस फसवतो, कारण पाणी आटलं किंवा धरणातून वाफ झालं तरी आकडा चढतो, मीठ वाढलेलं नसलं तरी. दोन ठाण्यांच्या मध्ये मीठ एकदम उडी मारत असेल तर तिथे झरा, खाण किंवा नाला शोधा, उपसून काढायचा उपाय तिथला. मैलोगणती हळूहळू चढत असेल तर पैसा रानात घाला. आणि वरचा भाग दुसऱ्या राज्यात, तिथले लोक ऐकत नाहीत, पाणी तर आजच पिण्याजोगं नाही, अशी स्थिती असेल तर यंत्र घ्या. मात्र ते पिण्यापुरतं, लहान, आणि खार टाकायच्या जागेची लेखी परवानगी हातात आल्यावरच.