क्लॅरिनेटवर जलद टंगिंग: हळूहळू वेग वाढवावा की छोटे झपाटे घ्यावेत?

टंगिंग म्हणजे फुंक चालू ठेवून जिभेने रीडला, म्हणजे मुखनळीवरच्या पातळ पट्टीला, स्पर्श करत स्वर सुटे करणं. त्याचा वेग वाढवायची पहिली पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा, प्रत्येक ठोक्याला चार स्वर वाजवायचे आणि जमलं की वेग चारने वाढवायचा. यात जिभेचं टोक रीडच्या टोकाला हलकेच लागतंय ना, फुंक अखंड आहे ना, हे नीट तपासता येतं. नवशिक्याची खरी अडचण बहुधा इथेच असते: जिभेसोबत तो फुंकही तोडतो, किंवा हनुवटी हलवतो. पण एका वेगाला गाडी अडली की जीभ आखडते, आणि तसंच रेटत राहिलं तर आखडण्याचीच सवय लागते.

दुसऱ्या पद्धतीत थेट हव्या त्या वेगाने चारच स्वर वाजवायचे, पाचवा लांबवायचा आणि थांबायचं. जीभ थकण्याआधीच विसावते. मग आठ, मग बारा. सुरुवात एकही बोट न लागणाऱ्या जी स्वरावर करावी, म्हणजे बोटांची काळजी उरत नाही.

स्वर फुटत असेल तर पहिलीच पद्धत घ्या, घाई नको. स्वर स्वच्छ असून वेगच अडला असेल, तर मी निःसंशय झपाटे सुचवेन.