टाटा पिक्सेल : बाजारात न आलेल्या गाडीचे परीक्षण

मार्च २०११ मध्ये जिनिव्हाच्या ८१ व्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने पिक्सेल ही चार आसनी संकल्पना गाडी मांडली. लांबी तीन मीटरहून किंचित जास्त, आत चार प्रौढ माणसांची सोय आणि समोर ग्राहक युरोपच्या दाट शहरांतला, असा तिचा परिचय करून देण्यात आला होता. नॅनोच्या आखणीवर बेतलेली ही गाडी काही काळ चर्चेत राहिली आणि मग विसरली गेली. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही, त्यामुळे हे परीक्षण तिच्या रचनेचे आणि कंपनीने दिलेल्या आकड्यांचे आहे. माझे मत आधीच सांगतो : पिक्सेलमध्ये एक गोष्ट अशी होती की जी आपल्या गल्ल्यांसाठी जपायलाच हवी होती, आणि लोकांनी मात्र तिच्या दरवाजांचीच छायाचित्रे जास्त पाहिली.

ती गोष्ट म्हणजे कंपनीने ‘झिरो टर्न’ असे नाव दिलेली वळण्याची यंत्रणा. नेहमीच्या गाडीत वळताना चारही चाके पुढेच जात असतात, फक्त आतल्या बाजूची चाके सावकाश आणि बाहेरच्या बाजूची वेगाने फिरतात. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती वळते तो बिंदू नेहमी गाडीच्या बाहेर, बराच दूर असतो. पिक्सेलमध्ये पुढची चाके फार मोठ्या कोनात वळत आणि त्याच वेळी बाहेरचे मागचे चाक पुढे, तर आतले मागचे चाक उलटे फिरत असे. असे झाले की वळण्याचा बिंदू गाडीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये येतो. कंपनीने वळण्याची त्रिज्या २.६ मीटर सांगितली होती. नॅनोची त्रिज्या ४ मीटर होती आणि त्या वेळी तेवढीही कौतुकास्पद मानली जाई. म्हणजे नॅनोला पूर्ण वळायला ८ मीटर रुंदी लागे, पिक्सेलला सव्वापाच मीटरच्या आसपास पुरली असती. पुण्याच्या पेठांत किंवा कोल्हापूरच्या जुन्या गावठाणात ज्यांनी गाडी पुढे-मागे करत, मागून हॉर्न ऐकत वळवली आहे, त्यांना या फरकाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

दोन चाके एकाच वेळी उलट दिशांना फिरवण्याचे काम नेहमीच्या गिअरबॉक्सला आणि डिफरन्शिअलला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांत शक्ती वाटून देणाऱ्या जोडणीला, जमत नाही. त्यासाठी पिक्सेलमध्ये टोरॉइडल प्रकारचे प्रेषण, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा (ट्रान्समिशन), वापरले होते. यात दातेरी चाकांच्या जोड्या बदलण्याऐवजी समोरासमोर बसवलेल्या दोन खोलगट तबकड्या असतात, त्यांच्यामध्ये मेदूवड्याच्या आकाराची पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत लहान रोलर बसवलेले असतात. रोलर कलला की तो एका तबकडीला कडेजवळ आणि दुसरीला मध्याजवळ टेकतो, आणि त्या कलानुसार वेगाचे प्रमाण सलग, कुठेही झटका न देता बदलत जाते. धातू धातूला प्रत्यक्ष घासत नाही. मधला खास तेलाचा अतिशय पातळ थर प्रचंड दाबाखाली क्षणभर घट्ट होतो आणि त्याच्यामार्फत शक्ती पुढे जाते. याला ग्रहमालेसारखी, म्हणजे मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाके फिरतात अशी, गिअरची जोडणी दिली की इंजिन चालू असताना चाक पुढे नेता येते, क्लचशिवाय थांबवता येते आणि उलटेही फिरवता येते. हे तत्त्व जुने आहे, परंतु छोट्या शहरी गाडीला जागच्या जागी वळवण्यासाठी त्याचा असा उपयोग करणे, ही मला त्या गाडीतली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

इंजिन मागे ठेवण्याचा निर्णयही याच विचाराला धरून होता. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे आडवे असते आणि पुढच्याच चाकांना शक्ती मिळते, त्यामुळे चाकांपर्यंत जाणारे दांडे आणि त्यांचे सांधे चाकाला एका मर्यादेपलीकडे वळू देत नाहीत. नॅनोप्रमाणेच पिक्सेलमध्ये इंजिन मागे असल्याने पुढच्या चाकांच्या वाटेत काही येत नव्हते. नॅनोची ही मांडणी स्वस्ताईसाठी होती, अशी समजूत रूढ झाली. तिचा दुसरा फायदा पिक्सेलने उघड केला.

तरीही या यंत्रणेबद्दल एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. गाडी मागच्या चाकांच्या मध्याभोवती फिरते तेव्हा तिचे नाक फार झपाट्याने बाजूला सरकते, आणि बाजारपेठेतल्या रस्त्यावर नेमके तिथेच एखादा पादचारी किंवा सायकलवाला उभा असतो. ही सोय अगदी हळू वेगातच चालेल आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर संवेदक (सेन्सर) असतील, एवढी व्यवस्था उत्पादनाच्या गाडीत अनिवार्य ठरली असती. खास तेल, अचूक घडाईच्या तबकड्या आणि त्यांची दुरुस्ती करू शकणारे कारागीर यांचा खर्चही छोट्या गाडीच्या किमतीला सहज पेलणारा नव्हता.

आता दरवाजे. ते पुढच्या बाजूला बिजागरी असलेले आणि वरच्या दिशेने उघडणारे होते, शिवाय मागे बसणाऱ्यालाही मोठी मोकळी जागा मिळत होती. शेजारी भिंत किंवा दुसरी गाडी टेकून उभी असतानाही उतरता यावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु व्यवहारात मला हे दरवाजे पटत नाहीत. सोसायटीच्या तळघरात, जिथे डोक्यावर पाण्याचे पाइप लटकलेले असतात, तिथे ते पुरते उघडतील का, याचा विचार करावा लागतो. जुलैच्या पावसात वर उचललेल्या दरवाजावरचे पाणी थेट आसनावर गळेल. वर गेलेला दरवाजा खाली ओढायला वयस्कर माणसाचा हात पोहोचणे कठीण आहे. सर्वांत गंभीर बाब म्हणजे गाडी उलटल्यास वर उघडणारा दरवाजा अडकण्याची भीती असते. प्रदर्शनाच्या मंचावर लक्ष वेधणारी ही वस्तू कौटुंबिक गाडीत ओझे झाली असती.

इंजिन १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो डिझेल होते. थांबल्यावर आपोआप बंद होणारी व्यवस्था, कमी घर्षणाचे टायर आणि वारा कापणारा बांधा यांच्या जोरावर कंपनीने १०० किलोमीटरला ३.४ लिटर इंधन आणि किलोमीटरमागे ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असे आकडे दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर लिटरला सुमारे २९ किलोमीटर. त्या वर्षी हे आकडे आकर्षक होते. मात्र पुढे धूर शुद्ध करण्याचे नियम युरोपात आणि भारतात इतके कडक होत गेले की छोट्या डिझेल इंजिनाला ती उपकरणे परवडेनाशी झाली. याच कंपनीच्या टिआगोतले छोटे डिझेल इंजिन २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू होताना बंद झाले. पिक्सेल विक्रीला आली असती तर तिलाही हाच प्रश्न पडला असता.

वातानुकूलन आणि गाडीची माहिती टॅब्लेटवरून हाताळण्याची सोयही तिच्यात होती. आज ती सर्रास दिसते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

उत्पादन का झाले नाही, याचे उत्तर मला त्या काळच्या परिस्थितीत दिसते. २००९ मध्ये याच जिनिव्हात कंपनीने नॅनो युरोपा दाखवली होती आणि तीही विक्रीपर्यंत पोहोचली नाही. कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातच्या साणंदला हलवलेल्या नॅनोला देशातच अपेक्षित ग्राहक मिळत नव्हते. मूळ गाडीच अडचणीत असताना तिच्यावर बेतलेल्या महागड्या भावंडासाठी नवा खर्च करणे कंपनीला शक्य नव्हते, हे मी समजू शकतो. नॅनोचे उत्पादनही २०१८ मध्ये थांबले.

परंतु २०१२ मध्ये कंपनीने मेगापिक्सेल आणली, तेव्हा ही कल्पना खऱ्या अर्थाने परिपक्व झाली होती. तिच्यात चारही चाकांत विजेच्या मोटरी होत्या, बॅटरीला साथ द्यायला ३२५ सीसीचे छोटे पेट्रोल जनित्र होते, आणि वळण्याची त्रिज्या २.८ मीटर होती. दरवाजेही सरकते केले होते, आणि ते मला अधिक शहाणपणाचे वाटतात. ज्या कामासाठी वर्षभरापूर्वी तबकड्या, रोलर आणि खास तेल लागत होते, ते काम प्रत्येक चाकाची स्वतंत्र मोटर करू शकत होती. ज्यांच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्राचे काम १९६० च्या दशकापासून पुण्यात चालू आहे, त्या कंपनीने हा धागा तिथेच सोडून दिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आज भारतात तीन मीटरच्या आतली चार आसनी विजेची गाडी विकत मिळते. एमजी कॉमेटची लांबी २.९७४ मीटर आहे, पण तिची वळण्याची त्रिज्या ४.२ मीटर, म्हणजे नॅनोपेक्षाही थोडी जास्तच आहे. दुसरीकडे मर्सिडीजची विजेवर चालणारी जी-क्लास चार मोटरींच्या बळावर मोकळ्या मातीवर जागच्या जागी फिरते, पण ती फार थोड्यांना परवडणारी अवजड गाडी आहे. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी, मोठ्या कोनात वळणारी पुढची चाके, साधे किंवा सरकते दरवाजे आणि चार माणसांची जागा, एवढ्या गोष्टी एकत्र आणणारी छोटी गाडी टाटा मोटर्सने आजही बनवली, तर मी तिच्यासाठी आगाऊ नोंदणी करायला तयार आहे.