सदाशिव पेठेतील एक मेस : पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थिनीचा वर्षभराचा अनुभव

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी मी धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातून पुण्याला आले, तेव्हा घरच्यांनी कॉलेजची चौकशी महिनाभर केली होती आणि कॉट बेसिसवरच्या खोलीसाठी दोन दिवस पायपीट केली होती. मेसची चौकशी मात्र कोणीच केली नव्हती. खोलीपासून जवळ आहे एवढ्याच कारणाने मी सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या मेसमध्ये नाव घातले. या मेसवर नावाची पाटी नाही आणि सगळे तिला काकूंची मेस म्हणूनच ओळखतात. वर्षभर तिथे दोन्ही वेळा जेवल्यानंतर, पुढच्या जूनमध्ये येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोन वेळचे मासिक ३,४०० रुपये, एका वेळचे १,९०० रुपये आणि अनामत ५०० रुपये आहे. ताटात चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्साभाजी, आमटी आणि भात असतो. आमटी-भात पोटभर मिळतो, पाचव्या पोळीचे पैसे वेगळे पडतात. पैसे भरण्यापूर्वी खाड्याचा नियम नीट विचारून घ्यावा, कारण पहिल्या सत्रात घरची ओढ फार असते. इथे सलग तीन दिवसांहून अधिक गैरहजेरी असेल आणि ती आदल्या दिवशी सांगितली असेल, तरच खाडा धरला जातो. दिवाळीपर्यंत मी पाच वेळा शनिवार-रविवार जोडून घरी गेले आणि त्या जेवणांचे पैसे वाया गेले, परंतु दिवाळीच्या आठ दिवसांचे पैसे मी आठवण न करून देताही पुढच्या महिन्यातून वजा झाले होते. हिशेबाच्या बाबतीत मला एकदाही शंका घ्यावी लागली नाही.

चवीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण माझे पहिले पंधरा दिवस त्यातच गेले. आमच्याकडे येसर घातलेली तिखट आमटी आणि ज्वारीची भाकरी हे रोजचे जेवण. इथल्या आमटीत गूळ आणि गोडा मसाला. मी अर्धे ताट तसेच ठेवून खोलीवर जात असे आणि घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर भूक भागवत असे. हे काकूंच्या लक्षात आले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमटी गोड लागते ना तुला? मग ठेचा मागून घेत जा, लाजू नकोस.” मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री भाकरी असते, हेही त्यांनीच सांगितले. पुण्यातले जेवण बेचव असते अशी तक्रार नवीन मुले नेहमी करतात, ती मला आता योग्य वाटत नाही. ही वेगळ्या मुलखातली चव आहे आणि जिभेला तिची सवय व्हायला वेळ लागतो. जानेवारीत घरी गेले, तेव्हा आईच्या आमटीचा पहिला भुरका घेताच मला ठसका लागला आणि आई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली.

पोळ्या ही या मेसची कमजोर बाजू आहे. दुपारी एकच्या आत गेल्यास त्या मऊ असतात, दोननंतर कडक होतात. आठवड्यातून दोन दिवस माझे प्रात्यक्षिक साडेतीनपर्यंत चाले आणि दुपारची वेळ अडीचला संपते. ही अडचण सांगितल्यावर माझे ताट नावाची चिठ्ठी लावून झाकून ठेवले जाऊ लागले. पोळ्या गारच असत, पण उपाशी राहावे लागले नाही आणि बाहेर वडापाववर पैसे खर्च झाले नाहीत.

जेवायला येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अधिक असले, तरी आम्ही पहिल्या वर्षाच्या तिघी एकाच वेळी येऊ लागलो. एक नंदुरबारची, एक चिपळूणची. बारावीपर्यंत पुस्तके इंग्रजीत असली, तरी सर समजावून सांगत ते मराठीत. इथे सगळे तास इंग्रजीत होत असल्याने वर्गात शंका विचारण्याचा धीर मला होत नसे. त्या शंका मी मेसमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला विचारत असे आणि तीही आमटी-भात कालवता कालवता समजावून सांगत असे.

सप्टेंबरमधील पहिल्या अंतर्गत परीक्षेत मला फार कमी गुण मिळाले आणि मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. एकशेवीस जणांच्या वर्गात ते कोणाला जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला: “खाडा सांगितला नाहीस, मग जेवायला का आली नाहीस?” नोंदवही हिशेबासाठीच ठेवलेली होती, तरी तिच्यातली रिकामी जागा त्यांनी पाहिली होती. मी गेले, तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. मऊ भात, वरण आणि वर तूप वाढले. त्या संध्याकाळबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

रविवारी दुपारी मसालेभात, मठ्ठा आणि एखादा गोड पदार्थ असतो. रात्री मेस बंद असते. पुण्यात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. मात्र नवीन मुलीला रविवारची संध्याकाळ सर्वांत जड जाते, म्हणून ही गैरसोय मी किरकोळ मानत नाही. सकाळी अकरापूर्वी सांगितल्यास दुपारीच चाळीस रुपयांत पोळी-भाजी बांधून मिळते, हे मला ऑक्टोबरमध्ये समजले, कारण ते फलकावर कुठेही लिहिलेले नाही. काकूंनी ते लिहून लावावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दोन वेळच्या जागा जूनमध्ये लवकर भरतात. तरीही महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी नव्वद रुपये देऊन एकदा पाहुणे म्हणून जेवून पाहावे, आणि तेही दुपारी दोननंतर जाऊन, म्हणजे पोळ्यांचा अंदाज येईल. ठेचा मात्र मागावा लागतो.